खळ, कंगवा आणि कातणं: भेटकार्डांचे रंगीत कागद घरच्या घरी

नवरात्र संपलं की एका संध्याकाळी आमच्या गॅसवर पातेलंभर खळ रटरटते. साड्यांसाठी नव्हे, कागदांसाठी. तेवढ्या खळीत नऊ-दहा कागद रंगतात. त्यातून पस्तीसेक भेटकार्डांचे दर्शनी तुकडे निघतात आणि उरलेल्या पट्ट्यांवर संक्रांतीच्या तिळगुळाच्या पाकिटांची सजावट भागते.

हाताने भेटकार्ड करायला बसणारा माणूस बहुधा एकच चूक करतो. कोऱ्या कार्डाला घडी घालतो, ते समोर ठेवतो आणि थेट त्याच्यावरच रंग लावायला घेतो. रंग बिघडला की कार्ड गेलं, घडी गेली, हुरूपही गेला. मी उलट्या बाजूने जाते. आधी कागद, मग कार्ड. कुठल्या कार्डावर काय येणार, कुणाला जाणार, याचा विचार न करता एका दिवशी नुसते कागद रंगवायचे. ते वाळले, दाबून सपाट झाले, की दुसऱ्या दिवशी कात्री हातात घ्यायची. अख्ख्या कागदावर जे विचित्र दिसतं त्यातला तळहाताएवढा तुकडा पुष्कळदा देखणा निघतो, आणि तो तुकडा हेरणं हेच या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

मापं आधी ठरवा

माझं नेहमीचं कार्ड ए-६ आकाराचं, म्हणजे घडी घातल्यावर १०५ × १४८ मिमी. ए-४ कार्डशीट मधोमध कापलं की दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाला घडी घातली की दोन कार्डं. त्यावर चिकटवायचा रंगीत तुकडा चारही बाजूंनी ५ मिमी लहान ठेवायचा, म्हणजे ९५ × १३८ मिमी. पांढरी कड राहिली की कापताना झालेला अर्ध्या मिलिमीटरचा घोटाळा डोळ्यांना खुपत नाही. ए-४ कागदातून असे चार तुकडे निघतात आणि बाजूला बोटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात. त्या टाकू नका.

जाडीचा हिशेब असा: कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएम, रंगवायच्या कागदासाठी १०० ते १३०. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो, तो ओला झाला की लगद्यासारखा होतो आणि कंगव्याने फाटतो. १८० च्या वर गेलात तर कार्डावर थर जाड होतो आणि कडा उचलल्या जातात. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला बऱ्यापैकी कार्टरिज कागद या कामाला उत्तम.

कागद घेताना त्याच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब अर्धा मिनिट तसाच उभा राहिला तर कागद चालेल. लगेच पसरून आत मुरला तर कागद खळ पिऊन टाकेल आणि कंगव्याच्या रेघा उमटणार नाहीत. हातकागदाच्या बाबतीत ही परीक्षा चुकवू नका. पुण्यात शिवाजीनगरच्या हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटमध्ये १९४० पासून हातकागद होतो. तिथे गेलात की एकेका कागदाची सुती चिंध्यांची पोत बघूनच मोह होतो, पण सुरुवातीला तो कागद कार्डाच्या अंगासाठी ठेवा. रंगवण्याचे प्रयोग साध्या कागदावर करा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. कारखान्यात झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. छपाईवाले याला ग्रेन म्हणतात. कागद हलकेच आडवा वाकवून बघा, मग उभा वाकवून बघा. ज्या दिशेने तो कमी कुरकुर करत वाकतो ती ग्रेनची बाजू. कार्डाची घडी त्या दिशेने आली की स्वच्छ बसते, नाहीतर घडीवर कागदाचा पापुद्रा तडकतो. रंगीत कागदाचा ग्रेनही चिकटवताना त्याच दिशेला ठेवा, म्हणजे कार्ड होडीसारखं वळणार नाही.

खळ शिजवणं

कॉर्नफ्लोअर ४ मोठे चमचे, सपाट. पाणी साधारण ४५० मिली. त्यातलं शंभर मिली गार पाणी वाटीत घेऊन त्यात कॉर्नफ्लोअर कालवा, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. बाकीचं पाणी पातेल्यात उकळत आणा, गॅस बारीक करा आणि एका हाताने कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. सत्तर अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दुधी दिसणारं मिश्रण बघता बघता काचेसारखं अर्धपारदर्शक होतं. ती खूण दिसली की आणखी एक मिनिट शिजवून उतरवा. चमच्यावरून ओघळताना त्याची जाड पट्टी पडायला हवी. कस्टर्ड ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गार होताना वर साय धरते. ती धरू नये म्हणून पातेल्यावर ओलं फडकं टाका, आणि गार झाल्यावर खळ गाळणीतून चमच्याने घासून गाळून घ्या. हे कंटाळवाणं वाटतं आणि पहिल्या वर्षी मी ते टाळलं होतं. एक बारीकशी गाठ कंगव्याच्या दातात अडकली की कागदभर सरळ पांढरी चरी पाडत जाते. दहा कागदांपैकी सहांवर त्या चऱ्या होत्या. तेव्हापासून गाळते.

मैद्याचीही खळ चालते. तीन मोठे चमचे मैदा, बाकी कृती तीच. ती जास्त चिकट, थोडी पिवळट आणि दाणेदार होते, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावरच्या कागदासारखा रांगडा पोत हवा असेल तर छान. पण लवकर आंबते. पुस्तकं बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून लईत मोरचूद घालत. ते विष आहे, घरात आणि मुलांच्या आसपास नको. त्यापेक्षा जेवढी लागेल तेवढीच शिजवा. फ्रीजमध्ये झाकून चार दिवस टिकते. पाणी सुटलं की टाकून द्या.

आता चार वाट्यांत खळ वाटून घ्या, प्रत्येकीत साधारण शंभर मिली. एकेका वाटीत दोन लहान चमचे अॅक्रिलिक किंवा पोस्टर कलर. पोस्टर कलर वापरलात तर वाळल्यावर हाताला रंग लागतो, म्हणून त्यात एक लहान चमचा फेव्हिकॉल मिसळा. अॅक्रिलिकला ते लागत नाही. रंग वाटीत दिसतो त्याहून कागदावर फिका पडतो, कारण थर पातळ असतो आणि कंगव्याने निम्मा बाजूला सरतो. त्यामुळे वाटीत जरा भडकच वाटला पाहिजे.

रंग किती? दोन. फार तर तीन, आणि त्यातला एक दुसऱ्याचाच गडद भाऊ असावा. दिवाळीचं कार्ड म्हणून लाल, पिवळा, हिरवा, जांभळा सगळे एका कागदावर आणले की पुढे त्याच्यावर काढलेली पणती दिसतच नाही. मागचा कागद मागेच राहिला पाहिजे. हे मी स्वतःला दरवर्षी बजावते आणि दरवर्षी एखादा कागद तरी जत्रेतल्या पाळण्यासारखा होतो.

रंगवणं

टेबलावर जुनं प्लास्टिक किंवा सनमायक्याचा तुकडा पसरा. पंखा बंद करा. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याखाली खळ दोन मिनिटांत धरते आणि तुमच्या हातात खेळायला वेळच उरत नाही.

कागद ओल्या स्पंजने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. कोरड्या कागदावर खळ लावली की तो एका बाजूने फुगून लाटा धरतो. आधीच ओला केला की ताणून सपाट राहतो. तो सनमायक्यावर पसरून मधून कडांकडे हात फिरवत खालची हवा काढा. दोन इंची चपट्या ब्रशने खळ लावा, आधी उभी आणि मग आडवी. कागद कुठेही कोरडा राहता कामा नये आणि खळ थापलेलीही नको. बोटाने एक रेघ ओढून बघा. रेघेच्या दोन्ही काठांना खळीचा बारीक बांध उभा राहिला आणि मध्ये कागद उघडा दिसला, तर थर बरोबर आहे. रेघ पुन्हा मिटली तर खळ पातळ आहे. रेघेच्या काठाला गोळे झाले तर थर जाड आहे.

इथून चार-पाच मिनिटं तुमची.

कंगवा हे मुख्य हत्यार. केस विंचरायच्या जाड दातांच्या प्लास्टिकच्या कंगव्याचा एकाआड एक दात पक्कडीने मोडून टाका, रेघा सुट्या येतात. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला कात्रीने ओबडधोबड खाचा पाडल्या की आणखी एक हत्यार तयार. खाचा एकसारख्या करू नका, असमान खाचांची रेघ जास्त जिवंत दिसते. फरशी बसवणाऱ्यांकडे दातेरी पत्रा असतो, तो मोठ्या कागदाला फार कामाचा.

कंगवा सरळ वरून खाली ओढा, न थांबता, एका दमात. मनगट हलवू नका, कोपरापासून हात खेचा. थांबलात तिथे खळीचा ढीग होतो. दुसऱ्यांदा आडवा ओढताना हात किंचित नागमोडी चालवा. उभ्या रेघांवरून लाट गेली की विणलेल्या चटईसारखं किंवा वाळूतल्या पाण्याच्या खुणांसारखं काहीतरी उमटतं. ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. मग करंजीचं कातणं घ्या. त्याचं चाक ओल्या खळीतून फिरवलं की नागमोडी दातेरी माग पडतो, अगदी करंजीच्या कडेसारखा. दोन इंचांच्या अंतराने सहा माग पाडले की पुरे. काट्याच्या टोकांनी अर्धगोल मारत गेलात तर खवले होतात. बाटलीचं झाकण दाबून गिरकी दिली की चकलीसारखं वर्तुळ पडतं. नाही आवडलं तर ब्रश फिरवा आणि पुन्हा सुरू करा. खळीची हीच माया आहे, वाळेपर्यंत ती सगळं माफ करते. फक्त ब्रश तीनदाच फिरवा. चौथ्यांदा कागदाचा पापुद्रा निघायला लागतो.

मला सगळ्यात आवडतं ते ओढणीचं काम. एकाच मापाचे दोन कागद दोन रंगांनी रंगवा. रंगीत बाजू एकमेकींवर टेकवून तळहाताने हलके दाबा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश सोलत न्या. खळ सुटताना ताणते आणि दोन्ही कागदांवर पोवळ्याच्या फांद्यांसारख्या शिरा उमटतात. हळू सोललं तर शिरा जाड आणि कमी, झटक्याने सोललं तर बारीक आणि दाट. कंगव्याला हात लावायची गरजच नाही.

जर्मनीत सॅक्सनीमधल्या हेर्नहूट या गावी मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या अविवाहित भगिनी अठराव्या शतकात असेच खळीचे कागद करून पुस्तकबांधणीसाठी विकत. त्यांची अवजारंही कंगवे, ठसे आणि बोटं एवढीच होती. आमच्या ओट्यावर त्यात कातण्याची भर पडली इतकंच.

वाळवणं, दाबणं, घोटणं

कागद दोरीवर चिमट्यांनी टांगू नका, खळ खाली ओघळते आणि नक्षी लांबट होते. वर्तमानपत्रावर सपाट पसरा. कोरड्या हवेत दोन-तीन तास, दमट हवेत अख्खी रात्र. आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालू नका. एकदा गौरी-गणपतीच्या आधी केलेले कागद हाताला कोरडे लागले म्हणून मी प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवले. आठ दिवसांनी उघडले तर काळ्या ठिपक्यांची वेगळीच नक्षी आणि माळ्यावरच्या गोणपाटासारखा वास. खळ म्हणजे शेवटी पीठच, बुरशीला तेवढंच हवं असतं.

वाळलेला कागद वळलेला असतो. उलट्या बाजूने, मध्ये साधा कागद ठेवून, अगदी मंद इस्त्री फिरवा. मग जाड पुस्तकांच्या चळतीखाली एक रात्र.

आता घोटणं. शाळेत हस्तकलेला घोटीव कागद लागायचा, आठवतो? तो चकचकीत असायचा. जुन्नर आणि दौलताबादला हाताने कागद करणारे कागदी खळ दिलेला कागद गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणत, म्हणजे बोरूची लेखणी अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. आपल्याला दगड नको. कागद काचेवर ठेवा, रंगीत बाजू वर, आणि स्टीलच्या वाटीच्या गोल बुडाने एका दिशेने दाबून घासत जा. पाच-सहा मिनिटांत खळीचे उभे कणे बसतात आणि कागदाला अंड्याच्या कवचासारखी मंद चमक येते. लखलखाट नको असेल तर इथेच थांबा. जास्त हवा असेल तर मेणबत्ती हलकेच फिरवून मऊ फडक्याने पुसा. मात्र मेण लागलेल्या कागदावर पेन चालत नाही आणि फेव्हिकॉलही धरत नाही, तेव्हा ज्या तुकड्यावर काही लिहायचं किंवा चिकटवायचं नाही त्यालाच मेण लावा.

अबरी

जुन्या खतावण्यांच्या पुठ्ठ्याच्या आत ढगांसारखा, लाटांसारखा रंगीत कागद असायचा. त्याला अबरी म्हणतात. फारसीत अब्र म्हणजे ढग. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत चित्रकारांनी या तंत्राने नुसते कागदच नाही तर आख्खी चित्रं केली, घोड्याच्या आकृतीत अबरी भरलेली. तेवढी कारागिरी घरी जमायची नाही, पण तिची सोपी नातलग जमते.

एक पसरट भांडं, त्यात दोन बोटं पाणी. ऑइल कलरची ट्यूब आणि टर्पेंटाईन. रंग टर्पेंटाईनमध्ये कालवून दुधाइतका पातळ करा आणि काडीने एक थेंब पाण्यावर सोडा. तो पसरून तळहाताएवढा झाला तर बरोबर. तळाला गेला तर आणखी टर्पेंटाईन घाला, पसरून दिसेनासा झाला तर रंग वाढवा. सगळं काम या एका थेंबाच्या परीक्षेवर अवलंबून आहे. दोन रंगांचे पाच-सहा थेंब टाका, काडीने एकदाच, फार तर दोनदा, पाणी हलवा. जास्त ढवळलं की रंगांचा चिखल होतो.

कागद दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांनी धरा, मधला पोटासारखा भाग आधी टेकवा आणि मग कोपरे सोडा. सपाट कागद एकदम टाकला तर खाली हवा अडकते आणि नेमक्या चांगल्या जागी पांढरा डाग पडतो. दहापर्यंत आकडे मोजून एका कडेने उचला. पुढच्या कागदाआधी वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून उरलेला रंग टिपून घ्या. तेलरंग आहे, वाळायला दोन दिवस लागतात.

भांडं मात्र त्याच कामाला ठेवा. मी एकदा सासूबाईंची पोळ्यांच्या कणकेची स्टीलची परात घेतली होती, घासून लख्ख करून देईन म्हणून. टर्पेंटाईनचा वास पितांबरीने जात नाही. परात आता कायमची माझी आहे आणि त्यांना नवी आणावी लागली. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस नको, आणि तेलरंगाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. त्यातलं जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना गरम होतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून बाहेर वाळवा, मग टाका. मुलांना बरोबर घेऊन करायचं असेल तर अबरी सोडा आणि खळीवर या.

हळदीकुंकवाचा कागद

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं करायची तर हा प्रयोग एकदा कराच. एक लहान चमचा हळद केमिस्टकडच्या ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा, दहा मिनिटांनी फडक्यातून गाळा. हळदीतला पिवळा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो, स्पिरिटमध्ये भराभर उतरतो. ब्रशने कागदभर लावा, बघता बघता वाळेल. स्पिरिटही पेट घेतं, तेव्हा स्वयंपाकघरात नको.

आता अर्ध्या कप पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. ते पाणी दिसायला साधं पाणीच. त्यात ब्रश बुडवून पिवळ्या कागदावर ठिपका ठेवा. ठिपका डोळ्यांदेखत लाल होतो. हळद क्षारात लाल होते, आणि हळदीचं कुंकू याच गुणावर बनतं. भेंडी आडवी कापून तिचा ठसा सोड्यात बुडवून उठवला तर पाच पाकळ्यांची लाल फुलं पडतात. चुकलं तर लिंबाचा थेंब, जागा पुन्हा पिवळी. खायच्या सोड्याने रंग मिळमिळीत येतो.

एक खोट आहे: हळद उन्हात उडते. खिडकीशी लावलेलं कार्ड लवकरच फिकं पडतं. पाकिटात राहणाऱ्या, चार दिवसांच्या आमंत्रणाला काही फरक पडत नाही. लग्नाच्या आठवणीचं कार्ड यात करू नका.

बाकीचे प्रकार बहुतेकांना ठाऊक असतात. ओल्या जलरंगावर खडेमीठ टाकलं की चांदण्या पडतात, मात्र कागद दोनशे जीएसएमच्या वरचा हवा. मेणबत्तीने रेघा काढून वर पातळ रंग फिरवता येतो. पानं मांडून टूथब्रशने रंगाचे तुषार उडवता येतात, शाळेतलं स्प्रे वर्क. चहाच्या पाण्याने कागद जुना करण्याची युक्ती मला आता पाहवत नाही, प्रत्येक शिवकालीन पत्राच्या नकलेने ती झिजवली आहे.

तुकडा हेरणं

काळ्या कार्डशीटचे दोन एल आकाराचे तुकडे कापा. ते एकमेकांवर ठेवले की मध्ये ९५ × १३८ ची खिडकी होते. ती रंगीत कागदावरून फिरवत राहा, तिरकीसुद्धा. जिथे नक्षी एका कोपऱ्यात दाट आणि दुसरीकडे मोकळी आहे तिथे थांबा. मोकळ्या जागी मजकूर बसेल. सगळीकडे सारखीच दाट नक्षी असेल तर त्या तुकड्यावर थेट काही लिहू नका, साध्या कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर लिहा.

शंका आली तर मोबाईलने फोटो काढून तो कृष्णधवल करा. पणतीचा किंवा अक्षरांचा करडा आणि मागचा करडा सारखाच दिसला तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून काही वाचता येणार नाही. गडद खळीवर पांढरं किंवा सोनेरी जेल पेन उठून दिसतं. शाईचं पेन न घोटलेल्या खळीवर फुटतं.

पेन्सिलीने खिडकीच्या चार कोपऱ्यांत ठिपके द्या, स्टीलची पट्टी लावा आणि कटरने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. एका दणक्यात कापायला गेलात तर वाळलेली खळ कडेला टवके सोडते.

कार्डावर बसवणं

घडीची रेघ आधी पाडून घ्या. संपलेली रिफिल आणि स्टीलची पट्टी पुरते. रेघ जिथे खोल गेली ती बाजू बाहेर आणि उलट बाजूला आलेला उंचवटा घडीच्या आत राहील अशी घडी घाला.

फेव्हिकॉल ब्रशने भरपूर फासला की कार्ड वळणारच. एटीएम कार्डाच्या कडेने त्याचा पापुद्र्याइतका थर ओढा, कडांपर्यंत न्या, तुकडा बसवा, वर साधा कागद ठेवून मधून बाहेर हात फिरवा आणि अर्धा तास पुस्तकाखाली ठेवा. घाईत असाल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. तरीही कार्ड आतल्या अंगाला वळत असेल, तर आतल्या पानावर मजकुराचा पातळ कागद चिकटवा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की ते सरळ उभं राहतं.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजन बघा. ३०० जीएसएमचं ए-६ कार्ड सव्वानऊ ग्रॅमचं, रंगीत तुकडा दोनेक, आतला कागद सव्वा, ११४ × १६२ मिमीचं पाकीट चार-पाच. सगळं मिळून सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे टपालाच्या पहिल्या वीस ग्रॅमच्या टप्प्यात बसतं. वर मणी, आरसे, कुंदन चिकटवलेत की ते ओलांडतं, शिवाय शिक्का मारताना चेपतं. लोकर आणि टिकल्या हातोहात द्यायच्या कार्डांसाठी ठेवा.

त्या बोटभर पट्ट्या आठवतात ना? पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एकेक चिकटवून द्या, कार्डातल्याच कागदाची. माझी मावशी कार्ड वाचायच्या आधी पाकीट उलटून तेच बघते.